सातबारा शोधण्याची नवी सोय : जमाखर्च कसा मांडावा

शेतकरी एखादे नवे अवजार घेतो, तेव्हा ते चांगले आहे किंवा नाही एवढाच विचार करून तो थांबत नाही. ते आपणास परवडेल काय, त्यामुळे जुना कोणता खर्च वाचेल, आणि तेच काम याहून थोड्या खर्चात दुसऱ्या रीतीने होण्यासारखे आहे काय, हे तो पाहतो. हीच कसोटी सार्वजनिक सोयींनाही लावता येते व लावली पाहिजे. कारण सार्वजनिक सोयीचा खर्चही अखेरीस जनतेच्याच पैशातून होतो, आणि सोय चुकीची निवडली गेली तर तिचा त्रासही जनतेलाच होतो.

प्रस्तुत पाठात जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांतील शेतकऱ्यांच्या नित्य कामातील एक प्रश्न अभ्यासासाठी घेतला आहे. शासनाच्या महाभूलेख या संकेतस्थळावर सातबारा पाहता येतो. तेथे खातेदाराच्या नावावरून शोध घ्यावयाचा, तर आधी गाव निवडावे लागते. हा शोध एका गावापुरता न ठेवता साऱ्या तालुक्याला किंवा जिल्ह्याला लागू करावा, म्हणजे नाव घालताच त्या नावाची सर्व गावांतील जमीन दिसेल, अशी सोय सुचविली गेली तर तिचा जमाखर्च कसा मांडावा? हा प्रस्ताव केवळ अभ्यासाकरिता कल्पिलेला आहे. तो शासनाचा निर्णय आहे असे वाचकांनी समजू नये.

आज कोणती सोय आहे

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ सालची आहे. त्या अन्वये ठेवल्या जाणाऱ्या गाव नमुना ७ मध्ये जमिनीवरील अधिकार, व नमुना १२ मध्ये पिकांची नोंद असते. या दोहोंचा मिळून सातबारा होतो. एका खातेदाराची त्या गावातील सर्व जमीन नमुना ८अ मध्ये एकत्र दिसते. हक्कात बदल झाला की तो प्रथम नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत येतो.

महाभूलेखवर विभाग, जिल्हा, तालुका व गाव निवडल्यानंतर गट क्रमांक किंवा सर्व्हे क्रमांक घालून उतारा पाहता येतो. पहिले नाव, मधले नाव, आडनाव किंवा संपूर्ण नाव घालूनही शोध घेता येतो. हा उतारा माहितीसाठी असतो. कायदेशीर कामासाठी डिजिटल स्वाक्षरीचा उतारा लागतो. ती सोय १ मे २०१८ पासून सुरू झाली असून एका उताऱ्यास १५ रुपये शुल्क ठेवण्यात आले. फेरफाराच्या नोटिसा 'आपली चावडी' या संकेतस्थळावर गावनिहाय पाहता येतात.

म्हणजे ज्यास आपले गाव ठाऊक आहे, त्याची बहुतेक कामे आजही होण्यासारखी आहेत. ज्यास गावच ठाऊक नाही, किंवा ज्याची जमीन अनेक गावांत विखुरलेली आहे, त्याच्यापुरताच आपल्या प्रस्तावाचा प्रश्न उरतो. हा फरक प्रथम ध्यानात घ्यावा; कारण जी कामे आजच होतात त्यांचा लाभ नव्या सोयीच्या जमेस धरणे हा हिशेबातील मोठा दोष होय.

चार कप्प्यांचा हिशेब

पिकाच्या पद्धतीत एखादा लहान बदल करावयाचा असता सबंध शेतीचा ताळेबंद मांडण्याची आवश्यकता नसते. केवळ बदलणाऱ्या बाबी चार कप्प्यांत लिहिल्या तरी पुरते. पहिल्या कप्प्यात नव्याने मिळणारा लाभ, दुसऱ्यात वाचणारा खर्च, तिसऱ्यात नव्याने येणारा खर्च आणि चौथ्यात गमवावा लागणारा लाभ लिहावा. पहिल्या दोहोंची बेरीज शेवटच्या दोहोंच्या बेरजेपेक्षा अधिक असेल तरच बदल हितावह ठरतो. यास आंशिक अंदाजपत्रक म्हणतात. ठिबक संचास लावावयाची हीच रीत आपण येथे शोधाच्या सोयीस लावू.

लाभाची बाजू

या दोन तालुक्यांतील परिस्थिती पाहता नव्या सोयीचा लाभ होणारे तीन वर्ग दिसून येतात.

पहिला वर्ग गावाबाहेर राहणाऱ्यांचा. जुन्नर, आंबेगाव व खेड भागांतील असंख्य कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस कामधंद्यासाठी गेलेली आहेत. मुंबईच्या डबेवाल्यांपैकी अनेकजण याच भागातले आहेत. आजोबांची जमीन कोणत्या गावी व किती, हे नातवास नेमके ठाऊक असतेच असे नाही. केवळ चौकशीसाठी त्यास माळशेज घाट चढून जुन्नरला, किंवा पुणेमार्गे घोडेगावला यावे लागते. त्यात कामाचा दिवस बुडतो व प्रवासाचा खर्च होतो.

दुसरा वर्ग विस्थापितांचा. कुकडी प्रकल्पात येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे अशी पाच धरणे आहेत. घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात मूळ आंबेगाव हे गावच बुडाले. तालुक्याचे नाव तेच राहिले. तालुक्याचे ठाणे मात्र घोडेगावी आहे. पुनर्वसनात ज्यांस दुसऱ्या गावी जमीन मिळाली, त्यांच्या जुन्या व नव्या जमिनींचे कागद निरनिराळ्या गावांच्या दप्तरांत विखुरलेले असतात. अशा कुटुंबास सर्व नोंदी एका ठिकाणी दिसल्या तर त्यांचे मोठेच काम होईल.

तिसरा वर्ग लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या मुलींचा. महाराष्ट्रात १९९४ सालच्या दुरुस्तीने, व पुढे साऱ्या देशात ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्तीने, मुलीस वडिलार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाप्रमाणेच जन्मतः हक्क मिळाला. परंतु हक्क असणे व नोंद असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वडील वारल्यावर वारसनोंदीत आपले नाव लागले की नाही, हे जी स्त्री ओतूरहून मंचर भागात सासरी आली, तिला घरबसल्या पाहता आले, तर वेळेवर हरकत घेता येते. फेरफाराची नोटीस निघाल्यापासून हरकतीस साधारणतः पंधरा दिवसांची मुदत असते. ती निघून गेल्यावर तेच काम अपिलात जाते व वर्षे लागतात. म्हणून या तिसऱ्या वर्गाचा लाभ रुपयांत मोजता येत नसला तरी तो लहान मानता कामा नये.

शोध घेणाऱ्यास दप्तरात असेल तेच सापडते

आता हा लाभ प्रत्यक्षात कितपत पदरात पडेल, ते पाहू. संगणक माणसाप्रमाणे ओळखीने शोधत नाही. दप्तरात जी अक्षरे लिहिली आहेत, ती आपण घातलेल्या अक्षरांशी जुळतात किंवा नाही, एवढेच तो पाहतो. एका दप्तरात 'दत्तात्रय' लिहिलेले असते, दुसऱ्यात 'दत्तात्रेय'. कोठे 'विठ्ठल', तर कोठे 'विठल'. घरी ज्यास किसन म्हणतात त्याचे कागदावरील नाव कृष्णा असते. रखमाबाईची रुक्मिणीबाई झालेली असते. स्त्रीचे नाव कधी वडिलांच्या, तर कधी पतीच्या नावाने लागलेले असते.

याहून अवघड प्रकार असे की, ज्याचा शोध घ्यावयाचा त्याचे नाव दप्तरात मुळी नसतेच. सातबारावर 'ए. कु. मॅ.' अशी अक्षरे पुष्कळांनी पाहिली असतील. त्यांचा अर्थ 'एकत्र कुटुंब मॅनेजर'. भावंडांची मिळून असलेली जमीन थोरल्या भावाच्या नावे अशा रीतीने लागलेली असते. तेथे धाकट्याच्या किंवा बहिणीच्या नावाने कितीही शोध घेतला तरी हाती काही लागत नाही. 'अ. पा. क.' म्हणजे 'अज्ञान पालनकर्ता' ही नोंद मूल सज्ञान होऊन त्यास नातवंडे झाली तरी कधी कधी तशीच राहते. मृत खातेदाराची वारसनोंद न झाल्यास तीच स्थिती होते.

याच्या उलटही अडचण आहे. शोधाचे क्षेत्र जितके वाढवावे, तितकी सारखी नावे अधिक येतात. एका गावात 'तुकाराम' हे नाव घातले तर थोडी नावे निघतील व त्यांतून आपले निवडता येईल. साऱ्या तालुक्यात तेच घातले तर यादीचा ढीग होईल. धान्य चाळताना चाळणीची भोके मोठी केली तर खडेही धान्याबरोबर खाली येतात, लहान केली तर चांगले दाणे वरच अडकतात. शोधाचेही तसेच आहे. हवे ते सुटणे व नको ते येणे हे दोन दोष एकमेकांविरुद्ध असतात. एक कमी करावयास गेले की दुसरा वाढतो. लेखनभेद असलेली नावेही यावीत म्हणून शोध सैल केला तर परक्याचीच नावे अधिक येणार. गाव निवडण्याची आजची अट त्रासाची वाटते, परंतु ती अट एक प्रकारे खडे बाजूस काढण्याचेही काम करते.

खर्चाची बाजू

पहिला खर्च उभारणीचा व निगेचा. गट क्रमांकावरून उतारा काढणे म्हणजे पुस्तकाचे ठरावीक पान उघडणे होय. नावावरून शोधणे म्हणजे ते नाव कोणत्या पानावर आहे हे पाहण्यासाठी सर्व पुस्तक चाळणे होय. ते टाळावयाचे तर पुस्तकाच्या शेवटी असते तशी अकारविल्हे सूची तयार करावी लागते. एका गावाची सूची लहान असते, जिल्ह्याची प्रचंड. शिवाय प्रत्येक फेरफाराबरोबर ती सूचीही सुधारावी लागते, नाही तर उतारा एक सांगतो व सूची दुसरेच सांगते. पीककर्जाच्या व पीकविम्याच्या दिवसांत, तसेच ई-पीक पाहणीची मुदत संपत आली असता, सर्वजण एकदम संकेतस्थळाकडे वळतात. अशा वेळी जड शोधांचा भार वाढला तर साधा उतारा काढणाऱ्यासही खोळंबावे लागेल. चौथ्या कप्प्यात, म्हणजे गमावलेल्या लाभात, ही बाब अवश्य लिहावी.

दुसरा खर्च दृष्टीस चटकन पडत नाही, पण तो अधिक गंभीर आहे. सातबारा ही सार्वजनिक नोंद आहे व ती तशी असणे योग्यच आहे. जमीन घेणाऱ्यास ती कोणाची आहे हे पाहता आलेच पाहिजे. परंतु 'ही जमीन कोणाची?' हा एक प्रश्न झाला व 'या माणसाची कोठे कोठे किती जमीन आहे?' हा दुसरा. पहिला प्रश्न जमिनीविषयी आहे, दुसरा माणसाविषयी. नावावरून जिल्हाभर शोध खुला केला की दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणासही, कोणत्याही हेतूने, बसल्या जागी मिळेल.

त्याचा उपयोग कोण करील, याचा विचार करावा. पुणे-नाशिक महामार्ग मंचर, कळंब, नारायणगाव व आळेफाटा या गावांवरून जातो. अशा मार्गालगतच्या जमिनींना भाव येतो आणि भावाबरोबर दलालही येतात. एकट्या राहणाऱ्या विधवेची, परगावी असलेल्या वृद्धाची किंवा आपसांत भांडणाऱ्या भावंडांची जमीन कोठे आहे, याची आयती यादी दलालाच्या हाती पडणे इष्ट नव्हे. सावकारासही ऋणकोच्या सर्व मिळकतीचा अंदाज त्याच्या नकळत येईल. दोन्ही तालुक्यांच्या पश्चिम भागात महादेव कोळी, ठाकर, कातकरी इत्यादी आदिवासी बांधवांच्या जमिनी आहेत. त्यांच्या हस्तांतरावर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६अ यांनी निर्बंध घातले आहेत, आणि अन्यायाने गेलेल्या जमिनी परत देण्यासाठी १९७४ साली स्वतंत्र कायदा करण्यात आला. ज्या समाजाच्या जमिनीस संरक्षण देणे कायद्यास आवश्यक वाटले, त्याच्या जमिनीची माहिती कशी खुली करावी याचा विचार अधिक सावधपणे झाला पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला, आणि २०२३ साली वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला. याउलट माहितीचा अधिकार कायदा, २००५ हा शासकीय दप्तरे खुली असावीत असे सांगतो. दोन्ही तत्त्वे योग्य आहेत. म्हणून प्रश्न 'खुले की बंद' असा नसून 'कोणास, कशासाठी व किती' असा आहे.

जुना दाखला

फार बारकाईची योजना नेहमीच अधिक उपयोगाची असते असे नाही, याचा दाखला पुणे जिल्ह्याच्याच इतिहासात आहे. इंग्रजी अंमलाच्या आरंभीच्या काळात प्रिंगल या अधिकाऱ्याने पुणे भागात जमिनीची पाहणी केली व प्रत्येक जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढून त्यावर सारा बसविण्याचा प्रयत्न केला. कागदावर ही रीत अत्यंत शास्त्रशुद्ध होती. परंतु तिला लागणारी माहिती खात्रीची नव्हती, खालच्या नोकरांचे काम विश्वासार्ह नव्हते, आणि बसलेला सारा शेतकऱ्यांस झेपेना. पुष्कळांनी जमिनी टाकून दिल्या. त्यानंतर १८३५ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व त्याचा सहकारी विंगेट यांनी अधिक साधी रीत सुरू केली. शेतांना क्रमांक दिले, मातीच्या मोजक्या प्रती ठरविल्या व दर बेताचे ठेवले. तीच रीत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. आपण आज ज्यास सर्व्हे क्रमांक म्हणतो, त्याची मुळे तेथे आहेत. मूळ माहिती कच्ची असता तिच्यावर बारीक यंत्रणा उभारू नये, हा त्यातील बोध आजही उपयोगी आहे.

एक उदाहरण

पुढील आकडे केवळ हिशेबाची रीत समजावी म्हणून कल्पिलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे खरे आकडे त्यांच्या जागी घालावेत.

समजा, एका सजात जमिनीच्या नोंदींच्या कामासाठी महिन्यात १०० फेऱ्या होतात. त्या कशासाठी झाल्या, याची वहीत नोंद ठेवली असता पुढीलप्रमाणे विभागणी निघाली :

१. गट क्रमांक किंवा नाव ठाऊक होते. संकेतस्थळ कसे पाहावे हे मात्र ठाऊक नव्हते : ४५
२. बँकेसाठी अधिकृत उतारा हवा होता : २०
३. नाव चुकलेले होते, किंवा मृताचेच नाव राहिले होते : १५
४. जुन्या खरेदीखतावरील सर्व्हे क्रमांकच तेवढा ठाऊक होता : ८
५. जमीन दुसऱ्या गावी होती, किंवा गाव ठाऊक नव्हते : १२

एका फेरीस बुडालेली मजुरी ४०० रुपये व प्रवास १०० रुपये, असे ५०० रुपये धरू. नवी सोय केवळ पाचव्या वर्गास, म्हणजे १२ फेऱ्यांस लागू पडते. त्यांपैकी निम्म्या ठिकाणी लेखनभेदामुळे किंवा ए. कु. मॅ. सारख्या नोंदीमुळे शोध निष्फळ ठरला असे मानल्यास वाचलेल्या फेऱ्या ६ होतात. बचत ३,००० रुपये.

आता पहिल्या दोन वर्गांतील ६५ फेऱ्या पाहू. त्यांस नव्या सोयीची गरजच नाही. असलेली सोय कोणी दाखवावी, एवढीच गरज आहे. आठवड्यातून एक दुपार ग्रामपंचायतीत जाणता तरुण संगणकापाशी बसविला व त्यास दर दुपारी ५०० रुपये दिले, तर महिन्यास २,००० रुपये लागतात. त्यायोगे ६५ पैकी ३० फेऱ्या जरी वाचल्या तरी बचत १५,००० रुपयांची होते.

चौथ्या वर्गातील ८ फेऱ्यांचे कारण असे की, १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली ज्या गावांत एकत्रीकरण झाले, तेथे जुने सर्व्हे क्रमांक जाऊन गट क्रमांक आले. जुना क्रमांक कोणत्या गटात गेला, याचा एक तक्ता करून चावडीत लावला व संकेतस्थळावर ठेवला, तर हा अडथळा कायमचा दूर होतो. तक्त्यास एकदाच १०,००० रुपये लागले असे धरले तरी दरमहा ४,००० रुपयांची बचत होऊन अडीच महिन्यांत तो खर्च भरून निघतो.

तिसऱ्या वर्गातील १५ जणांचे काम कोणत्याही शोधाने होणारे नाही. त्यांस दुरुस्तीच हवी.

यावरून असे दिसून येईल की, जी सोय सर्वांत आकर्षक वाटते तिच्यापासून या उदाहरणात सर्वांत थोडी बचत होते. आणि ज्या कामांकडे कोणाचे लक्ष जात नाही ती थोड्या खर्चात अधिक फळ देतात. मात्र सहा फेऱ्यांमागे एखाद्या बहिणीचा किंवा धरणग्रस्त कुटुंबाचा हक्क असू शकतो, ही गोष्ट ३,००० रुपयांच्या आकड्यात मावत नाही. म्हणून रुपयांचा हिशेब संपल्यावर न मोजता येणाऱ्या बाबी निराळ्या लिहून त्यांचाही विचार करावा. केवळ आकडा लहान आहे म्हणून प्रस्ताव फेटाळू नये.

मधला मार्ग

लाभ ज्यास व्हावयाचा त्यास व्हावा आणि धोका टळावा, यासाठी सोयीचे स्वरूप बदलता येते.

(अ) स्वतःच्या जमिनीचा शोध : खातेदाराने आपली ओळख पटविल्यावर त्याच्या स्वतःच्या सर्व गावांतील नोंदी त्यास दाखवाव्यात. शेतकरी ओळख क्रमांकाच्या योजनेत शेतकऱ्याच्या जमिनी त्याच्या ओळखीशी जोडल्या जात असल्याने ही दिशा व्यवहार्य आहे. यात परक्याच्या हाती काही जात नाही.

(आ) वारसांचा शोध : ज्याचे नाव अद्याप लागलेलेच नाही, त्या वारसास वरील सोयीचा उपयोग नाही. त्याने मृत्यूचा दाखला व नात्याचा पुरावा देऊन तहसील कार्यालयात अर्ज करावा आणि कार्यालयाने तालुक्यातील सर्व गावांत शोध घेऊन लेखी उत्तर द्यावे. यास फेरी पडेल हे खरे. परंतु अनेक गावांच्या चावड्यांच्या फेऱ्यांऐवजी ती एकच पडेल.

(इ) पाहणाऱ्याची नोंद : नावावरून विस्तृत शोध कोणी व केव्हा घेतला, याची नोंद राहावी आणि ती खातेदारास पाहता यावी. पाहणाऱ्याचे नाव राहणार आहे, हे कळले की अकारण चौकशी आपोआप कमी होते.

(ई) गावापुरता खुला शोध : तो आज आहे तसाच ठेवावा.

अशा स्वरूपात सोय आल्यास धरणग्रस्त, परगावचे खातेदार व सासरी गेलेल्या मुली यांस तिचा लाभ मिळेल, आणि दलालास आयती यादी मिळणार नाही.

गावात आजच करण्याजोगे

नवी सोय येवो अथवा न येवो, पुढील कामे लांबणीवर टाकू नयेत. कारण दप्तर शुद्ध नसेल तर उत्तमातील उत्तम शोधही रिकाम्या हाताने परत येतो.

१. वारसाने, वाटणीने किंवा खरेदीने हक्क मिळाल्यास संहितेच्या कलम १४९ प्रमाणे तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास (आता ग्राम महसूल अधिकारी) कळवावे. नोंदणीकृत दस्तांची सूचना नोंदणी कार्यालयाकडून जाते. वारसनोंदीस मात्र आपणच पुढे यावे लागते.

२. घरातील प्रत्येक उताऱ्यावरील नाव आधार, बँक पुस्तिका व ८अ यांवरील नावांशी अक्षरशः ताडून पाहावे. हस्तदोषाची चूक असल्यास कलम १५५ खाली तहसीलदाराकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो.

३. 'ए. कु. मॅ.' व 'अ. पा. क.' या नोंदी शिल्लक असल्यास त्या कमी करून प्रत्यक्ष हक्कदारांची नावे लावून घ्यावीत. यात बहिणींची नावे वगळली जाणार नाहीत, याकडे कार्यकर्त्यांनी विशेष लक्ष द्यावे.

४. संगणकीय सातबारा मूळ दप्तराशी ताडण्यासाठी राज्यात २०१७ साली चावडीवाचनाची मोहीम झाली. त्याच धर्तीवर वर्षातून एकदा ग्रामसभेत नावे वाचून दाखवावीत. ज्या चुका संगणकास दिसत नाहीत त्या गावातील वडीलधारी माणसे ऐकताक्षणी सांगतात.

५. पश्चिमेकडील डोंगरी गावांत मोबाईलला नीट संपर्क मिळत नाही. तेथे 'आपली चावडी'वरील नोटिसा आठवड्यातून एकदा कागदावर उतरवून फलकावर लावाव्यात. जी माहिती गावापर्यंत पोहोचत नाही, ती संकेतस्थळावर असून नसल्यासारखीच होय.

कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातील प्रमाणित नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. चुकीची नोंदही तोपर्यंत खरीच ठरते, हे लक्षात घेतले म्हणजे दुरुस्तीचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

अभ्यासासाठी

कार्यकर्त्यांनी एक महिनाभर वही ठेवून जमिनीच्या नोंदींसाठी झालेल्या प्रत्येक फेरीचे कारण लिहावे व वरीलप्रमाणे त्यांचे पाच वर्ग पाडावेत. नंतर शेतकरी मंडळाच्या बैठकीत पुढील प्रश्नांची चर्चा करावी.

१. आपल्या गावी किती फेऱ्या असलेल्या सोयींनीच टळल्या असत्या?
२. नव्या शोधाने टळणाऱ्या फेऱ्या किती, आणि त्यांत दुसरा मार्ग नसलेली माणसे कोण?
३. आपल्या सर्व जमिनीची यादी अनोळखी माणसास दिसावी, हे आपल्यापैकी किती जणांस मान्य आहे? हा प्रश्न विचारताना बैठकीत स्त्रिया व एकटे राहणारे वृद्ध उपस्थित असावेत.

या प्रश्नांची उत्तरे गावोगाव एकसारखी येणार नाहीत. महामार्गालगतच्या गावास दलालाची भीती अधिक वाटेल, तर धरणाकाठच्या गावास हरवलेल्या नोंदीची. उत्तरे आली की ती आकड्यांसह तहसील कार्यालयास लेखी कळवावीत. 'अमुक सोय द्या' एवढीच मागणी करण्यापेक्षा 'आमच्या शंभर फेऱ्यांपैकी इतक्या या कारणाने होतात' असे सांगणाऱ्या गावाचे म्हणणे अधिक वजनदार ठरते.